किल्ली कुणाकडे आहे, ते आधी विचार

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि कराचीतल्या धर्मस्थळांवरच्या प्रबंधासाठी तू केलेला तक्ता, दोन्ही वाचलं. पत्र मनाला लागलं, तक्ता मात्र डोक्यात गेला.

घरी वडील म्हणतात, पाकिस्तानात आपली देवळं कशी मोडली तेवढं लिही, लोक वाचतील. कॉलेजातले सर म्हणतात, देऊळ, चर्च, अग्यारी, सिनेगॉग सगळं एका शहरात, तेव्हा सहजीवनाचा सूर लाव, परिषदेत निबंध घेतील. मित्र म्हणतात, व्हिसा मिळणार नाही हे ठाऊक असताना कराचीच्या मागे कशाला लागतोस. या ओढाताणीत तू अडकलायस आणि मला विचारतोस, "बाई, मी नेमकी कोणती बाजू घेऊ?"

हा प्रश्न तुला पडला, कारण तुझ्या तक्त्यात एक रकानाच नाही. नाव, धर्म, बांधकामाचं साल, शैली, सद्यस्थिती. सद्यस्थितीखाली "चालू", "बंद", "पाडलं". अरे, चालू म्हणजे काय? कुणासाठी चालू? सकाळी दार कोण उघडतं? रात्री कुलूप लावून कोण घरी जातं, आणि ते घर किती लांब आहे? किल्ली कुणाकडे आहे? माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नात आहे आणि मी ते या पत्रात पुन्हा पुन्हा म्हणणार आहे. कंटाळलास तरी वाच.

मागेन शालोमपासून सुरुवात करू. तुझी सर्वांत त्रोटक नोंद तीच आहे, आणि आपलं सर्वांत जवळचं नातंही तिथेच आहे. तू लिहिलंस, "ज्यू सिनेगॉग, १८९३, १९८८ साली पाडलं." संपलं. ते बांधणाऱ्याचं नाव सॉलोमन डेव्हिड उमरडेकर, कराची म्युनिसिपालिटीतले सर्व्हेअर. हे आडनाव वाचून तू थबकला कसा नाहीस? हे बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. कोकणातल्या गावांवरून आडनावं घेतलेले, घरात मराठी बोलणारे. १८४७ पासून १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचा भाग होता. मुंबईच्या माणसाची कराचीला बदली होणं ही तेव्हा नोकरीतली नेहमीची गोष्ट होती. रेल्वे, टपाल, पलटण, म्युनिसिपालिटी, जिथे जागा निघेल तिथे ही माणसं गेली. नारायण जगन्नाथ वैद्यही तसेच गेले, शिक्षण खात्यात. त्यांच्या नावाची शाळा कराचीत अजून आहे. १९३६ मध्ये अब्राहम रूबेन कराचीचे नगरसेवक झाले. इतकी ही माणसं त्या शहराची होती.

मग १९४८ साली इस्रायल झालं. तिकडे युद्ध पेटलं की इकडे कराचीच्या ज्यूंवर राग निघायचा. कुणी मुंबईला आलं, कुणी इस्रायलला गेलं, कुणी इंग्लंडला. १९६७ च्या युद्धानंतर तर बोटांवर मोजावीत इतकीच घरं उरली. इमारत पडली १९८८ साली, झिया उल हक यांच्या राजवटीच्या अखेरीला, आणि त्या जागी दुकानांची इमारत उभी राहिली. तुझ्या तक्त्यात १९८८ हे साल ठळक आहे. मला विचारशील तर सिनेगॉग त्याआधी वीस वर्षं पडायला लागलं होतं, एकेक कुटुंब बोटीत बसत होतं तेव्हापासून. पाडणाऱ्यांना मी मोकळं सोडत नाहीये, हे नीट समजून घे. पाडणं हा गुन्हाच. पण हातोडा येण्याआधी किल्ली वापरणारे हात संपवले गेले होते, आणि तो भाग तुझ्या प्रबंधात नसेल तर तू फक्त पाडकामाचा पंचनामा लिहिलास असं होईल. मेवाशाह कब्रस्तानात ज्यूंच्या कबरी आहेत. त्या तक्त्यात का नाहीत? त्यांची देखभाल कोण करतं, हा प्रश्न सिनेगॉगच्या प्रश्नाइतकाच मोठा आहे.

आता मोठा आकडा. १९४१ च्या जनगणनेत कराचीत जवळपास निम्मी वस्ती हिंदूंची होती. आज शहराची लोकसंख्या दोन कोटींच्या वर आणि त्यातले शंभरात शहाण्णवहून अधिक मुस्लिम. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत काय घडलं ते तुला माहीत आहे, म्हणून फाळणीचा इतिहास मी इथे सांगत बसत नाही. दोन तारखा फक्त मनात ठेव. ११ ऑगस्ट १९४७ ला कराचीतच, संविधान सभेपुढे, जीनांनी सांगितलं की तुम्ही तुमच्या मंदिरांत जायला मोकळे आहात. आणि ६ जानेवारी १९४८ ला त्याच शहरात दंगल उसळली, सुरुवात शिखांवरच्या हल्ल्यातून झाली, आणि त्यानंतर कराचीच्या धक्क्यावर मुंबईच्या बोटींसाठी हिंदूंची रीघ लागली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तुझ्या वडिलांना पहिली तारीख नको असते, तुझ्या सरांना दुसरी.

माणसं गेली तेव्हा किल्ल्यांचं काय झालं? इथे तुला कायदा वाचावाच लागेल, टाळाटाळ चालणार नाही. निघून गेलेल्यांची मालमत्ता "निर्वासितांची मालमत्ता" म्हणून सरकारी ताब्यात गेली. त्यातली धर्मादाय म्हणजे मंदिरं, गुरुद्वारे, धर्मशाळा, त्यांच्या जमिनी आणि दुकानं, १९६० पासून इव्हॅक्युई ट्रस्ट प्रॉपर्टी बोर्डाकडे आली आणि १९७५ च्या कायद्याने तो कारभार पक्का झाला. म्हणजे जिथे भक्त उरले नाहीत तिथे देऊळ हे भाडेपट्ट्याचं प्रकरण झालं. कुठे गोदाम, कुठे शाळा, कुठे कुटुंबं राहायला. त्या कुटुंबांबद्दल लिहिताना मात्र जीभ सांभाळ. कराचीच्या धर्मशाळांत आणि रिकाम्या घरांत जे आले तेही आपलं घरदार मागे टाकून आले होते. दिल्ली, लखनौचे होते, मुंबईचे होते, आपल्या कोकणातलेही होते. कोकणी मुसलमानांची आजही कराचीत स्वतःची हाउसिंग सोसायटी आहे. त्यांच्या गावच्या घराची किल्ली कुणाकडे गेली, हेही एखाद्या टिपेत येऊ दे. त्याने तुझा विषय पातळ होत नाही.

बंदर रोडवरचं, म्हणजे आताच्या एम. ए. जीना रोडवरचं, स्वामिनारायण मंदिर बघ. १८४९ चं. फाळणीच्या दिवसांत तिथे निघालेल्या लोकांची छावणी होती आणि जाणाऱ्यांनी मूर्ती भारतात नेल्या. तुझ्या तक्त्याच्या हिशेबाने ते तेव्हाच "बंद" व्हायला हवं होतं. आज ते कराचीतल्या हिंदूंचं मोठं केंद्र आहे, बलुचिस्तानातल्या हिंगलाज देवीच्या यात्रेला निघणारे लोक तिथे जमतात. मूर्ती गेल्या, पण आवारात राहणारी कुटुंबं राहिली, म्हणून दार उघडं राहिलं. याच्या उलट मनोरा बेटावरचं वरुणदेवाचं मंदिर. समुद्राच्या अगदी काठावर, कोरीव दगडाचं, इतकं देखणं की छायाचित्र टाकलं की लोक हळहळतात. तुझ्या प्रबंधाच्या मुखपृष्ठावर तू तेच टाकणार आहेस, मी ओळखलं. पण आसपास माणूसच राहिला नाही, पूजा थांबली, आणि खाऱ्या वाऱ्याने नक्षी खाल्ली. मध्यंतरी परदेशी मदतीने डागडुजी झाली. दगड वाचला याचा मला आनंद आहे. पण नैवेद्य दाखवायला तिथे रोज कोण जातं? किल्ली कुणाकडे आहे?

इथवर तू मान डोलावत असशील. पुढचा भाग तुला अवघड जाईल, आणि मला सर्वांत जास्त तोच सांगायचा आहे.

कराचीत राहिलं कोण? ज्यांच्याकडे पैसा होता, तिकडे ओळखी होत्या, ते आमिल आणि भाईबंद, म्हणजे सिंधी हिंदूंमधले नोकरदार आणि व्यापारी, शेठ आणि वकील, ते गेले. राहिले ते बहुतेक असे ज्यांना जाता आलं नाही. रणछोड लाइन्समध्ये नारायणपुरा नावाची वस्ती आहे, म्युनिसिपालिटीच्या सफाई कामगारांची. एका आवारात हिंदू, ख्रिस्ती आणि शीख कुटुंबं, तिथेच देवळं, तिथेच चर्च, तिथेच गुरुद्वारा. फाळणीनंतर सफाई कामगारांना शहर सोडू दिलं जात नव्हतं. त्यांचं काम आवश्यक सेवा ठरवलं गेलं, कारण ते गेले तर कराचीचे संडास कोण साफ करणार? डॉ. आंबेडकरांनी १८ डिसेंबर १९४७ ला नेहरूंना पत्र लिहिलं त्यात हीच तक्रार आहे की पाकिस्तान अस्पृश्यांना बाहेर पडू देत नाही. त्याच कराचीत जोगेंद्रनाथ मंडल पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री म्हणून बसले होते, दलित समाजातून आलेले. १९५० मध्ये राजीनामा देऊन तेही भारतात आले. सफाई कामगारांना ती सोय नव्हती.

आता सांग, कराचीतल्या हिंदू धर्मस्थळांचा इतिहास कुणाचा आहे? शेठनं संगमरवरी फरशी बसवली म्हणून त्याच्या नावाची पाटी आहे. पाटी तू टिपलीस. आणि पंच्याहत्तर वर्षं, १९६५ चं युद्ध, १९७१ चं युद्ध, डिसेंबर १९९२ नंतरचे जमावाचे हल्ले, हे सगळं अंगावर घेऊन ज्यांनी दिवा लावला, त्यांचं नाव तुझ्या तक्त्यात कुठेच नाही. तू नाशिकचा आहेस. १९३० साली काळाराम मंदिराच्या दारात कोण उभं होतं आणि किल्ली कुणाकडे होती, हे तुला शाळेत शिकवलंय. मग कराचीला पोचल्यावर ते कसं विसरलास? ज्यांना इथे देवळाच्या पायरीवरून हाकललं, त्यांच्याच भाईबंदांनी तिथे देव सांभाळला. भील, मेघवाड, कोळी, वाल्मीकी. मला यात कुठलाही साहित्यिक चमत्कार दाखवायचा नाही, ही सरळ वस्तुस्थिती आहे, आणि ती सांगितल्याशिवाय कराचीतल्या देवळांवर एक ओळ लिहिण्याचा आपल्याला अधिकार नाही असं मी मानते. तुला हे कडक वाटेल. वाटू दे.

नारायणपुऱ्याला तुझ्या तक्त्यात अर्धी ओळ आहे, "साधं बांधकाम, वास्तुदृष्ट्या विशेष नाही." ही ओळ मी लाल शाईने खोडली आहे.

ख्रिस्ती लोकांच्या बाबतीत तू हेच केलंस. सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रल, १८८१, गॉथिक. होली ट्रिनिटी, १८५५, मनोऱ्याचा उपयोग पूर्वी दीपस्तंभासारखा व्हायचा. सेंट अँड्र्यूज, १८६८. छान. ही दगडी चर्च सदर नावाच्या भागात आहेत आणि तिथल्या प्रार्थनेत गोव्याच्या कुटुंबांचा मोठा इतिहास आहे, हेही ठीक. पण आज कराचीतला बहुसंख्य ख्रिस्ती माणूस पंजाबीभाषक, कष्टकरी आहे आणि तो ईसा नगरी, आझम बस्ती अशा वस्त्यांत राहतो. तिथल्या गल्लीतल्या सिमेंटच्या चर्चला कुठली शैली लिहिणार तू? शैलीचा रकाना रिकामा राहतो म्हणून ती चर्च गाळायची का? २२ सप्टेंबर २०१३ ला पेशावरच्या ऑल सेंट्स चर्चवर हल्ला झाला, त्यानंतर देशभरातल्या चर्चच्या फाटकांवर तपासणी आणि पहारा वाढला. अशा फाटकावर रविवारी उभा राहणारा पोरगा कोण असतो? बहुधा त्याच मंडळीतला असतो. त्याच्या हातात किल्ली आहे आणि त्याला लक्ष्य कोण करू शकतं हे त्याला माहीत आहे. तुझ्या प्रबंधात तो पोरगा यायला हवा.

पारशांचं मी थोडक्यात सांगते, कारण त्यांची कथा सोपी आहे आणि दुःखाचीही. त्यांची किल्ली कधीच दुसऱ्याकडे गेली नाही. कराचीचे पहिले महापौर जमशेद नसरवानजी मेहता पारशी होते, १९३३ साली. फाळणीत पारशी गेले नाहीत, म्हणून त्यांच्या अग्याऱ्या, दख्मे (मृतांचे बुरूज), दवाखाने त्यांच्याच ट्रस्टकडे राहिले. बाहेरच्याला अग्यारीत प्रवेश नाही, म्हणजे तुला आतून छायाचित्र मिळणार नाही, आणि तू त्यासाठी हट्ट धरायचा नाहीस. कागद सगळे नीट, भिंती सगळ्या नीट, आणि तरुण मंडळी कॅनडाला. कायदा कितीही बळकट असला तरी किल्ली घ्यायला पुढची पिढी लागते, हे त्यांच्याकडून शिक.

आता तू म्हणशील, बाई, मग कायद्याचा उपयोगच नाही का? आहे. पण तो केव्हा होतो ते बघ. क्लिफ्टनचं रत्नेश्वर महादेव मंदिर जमिनीखाली आहे, गुहेत. २०१४ मध्ये शेजारी रस्त्याचं मोठं बांधकाम निघालं, हादऱ्यांनी गुहेला धोका होईल म्हणून आरडाओरडा झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. का गेलं? कारण महाशिवरात्रीला तिथे हजारोंची गर्दी होते. कराचीत उरलेली मराठी कुटुंबं अजून गणपती बसवतात, त्यांची पावलंही तिथेच वळतात. माणसं होती म्हणून आवाज उठला. सोल्जर बाजारातल्या पंचमुखी हनुमानाच्या देवळाभोवतीचं अतिक्रमण हटवायला वर्षानुवर्षं न्यायालयात खेटे घालावे लागले. ते खेटे कुणीतरी घातले ना? नेटिव्ह जेट्टीच्या पुलाशेजारी लक्ष्मीनारायणाचं देऊळ आहे, हिंदू लोक अस्थी विसर्जनाला तिथल्या पाण्यावर जातात. शेजारी खाण्यापिण्याचं चकचकीत संकुल उभं राहिलं तेव्हा पाण्यापर्यंतची वाट टिकवायला लोक कोर्टात गेले. आणि १९ जून २०१४ चा तो निकाल तू वाचलास का? सरन्यायाधीश तसद्दुक हुसेन जिलानी यांचा. पेशावरच्या हल्ल्यावरून सुरू झालेलं प्रकरण, आणि त्यात प्रार्थनास्थळांच्या रक्षणासाठी स्वतंत्र पोलीस दल, अल्पसंख्याकांसाठी राष्ट्रीय परिषद असे स्पष्ट आदेश आहेत. अंमलबजावणी इतकी रखडली की २०१९ मध्ये न्यायालयाला शोएब सडल यांचा एकसदस्यीय आयोग नेमावा लागला. पाकिस्तानच्या घटनेचं २० वं कलम धर्मसंस्था चालवण्याचा हक्क देतं. हक्क कागदावर आहे आणि कागद चांगला आहे. तो कागद हातात धरून कोर्टाच्या पायऱ्या चढणारं माणूस जिथे शिल्लक होतं, तिथे काहीतरी वाचलं. जिथे नव्हतं, तिथे निकाल लागला तरी तो कुणाला वाचून दाखवणार?

जुलै २०२३ मध्ये सोल्जर बाजारातल्या मारी मातेच्या जुन्या देवळाच्या पाडकामाची बातमी तू मला मध्यरात्री पाठवली होतीस, नुसती, एका शब्दाशिवाय. मी उलट विचारलं होतं, ते देऊळ कुणाच्या ताब्यात होतं? तू चिडलास. ते कराचीतल्या मद्रासी हिंदूंचं होतं. मद्रासी हिंदू कराचीत कधीपासून आहेत, कुठे राहतात, त्यांची आणखी कोणती देवळं आहेत, हे तुला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि तक्ता पाहता अजूनही ठाऊक नाही. राग यावा, रागाशिवाय हा विषय धरूच नये. पण राग आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्या माणसांचा शोध घ्यायचा असतो.

माझ्या पुस्तकाचं तुला कुणीतरी सांगितलंच असेल, आणि मी हट्टीपणा केला असंही सांगितलं असेल. मीच सांगते. कराचीवरचं माझं हस्तलिखित एका प्रकाशकाने घेतलं होतं, जुळणीही झाली होती. मग त्यांना नाव बदलून हवं होतं, त्यात "उद्ध्वस्त" हा शब्द हवा होता. भग्न देवळांची छायाचित्रं वाढवा, आणि सफाई कामगारांच्या वस्तीवरचं प्रकरण काढा, वाचकाला त्यात रस नाही, असं त्यांचं म्हणणं. मी हस्तलिखित परत घेतलं. ते आजतागायत छापलं गेलेलं नाही. स्नेही म्हणतात, एक प्रकरण गेलं असतं तर काय बिघडलं असतं, बाकीचं तरी लोकांपर्यंत पोचलं असतं. मी याचा पुष्कळ विचार केला आहे, रात्री झोप न येता केला आहे, आणि माझं मत बदललेलं नाही. ते प्रकरण काढलं असतं तर उरलेलं पुस्तक खोटं झालं असतं. त्यातली प्रत्येक ओळ खरी असूनही सगळं मिळून खोटं. वाचकाने ते वाचून मिटवलं असतं आणि त्याच्या मनात राहिलं असतं की कराचीत आता कुणी नाही, नुसते दगड आहेत. जे लोक आत्ता, आज, तिथे नळावर पाणी भरून गाभारा धुतायत, त्यांना आपण इथे बसून मेलेलं ठरवलं असतं. हे मी करणार नव्हते. मला खंत एका गोष्टीची आहे. ज्यांनी मला त्या शहराचं सांगितलं, उल्हासनगरमधले, पिंपरीतले, ठाण्याच्या बेने इस्रायली घरांतले, ते आपलं सांगणं छापलेलं न पाहताच गेले. त्यांच्या मुलांसमोर मला अवघडल्यासारखं होतं. तरीसुद्धा परत तीच वेळ आली तर मी तेच करेन.

म्हणून तुझ्या सरांनी "हे प्रकरण जरा बाजूला ठेवू" म्हटलं की माझी आठवण काढ. ते वाईट मनाने म्हणणार नाहीत. त्यांना तुझं भलंच हवं आहे. तरी ऐकू नकोस. आणि वडिलांशी भांडू नकोस. त्यांना डिसेंबर १९९२ नंतर कराचीत देवळांवर काय गुदरलं ते सांग, आणि ते अयोध्येतल्या घटनेनंतर गुदरलं हेही सांग. इथे आपण जे करतो त्याची किंमत तिथे किल्ली सांभाळणाऱ्याला मोजावी लागते. याचा अर्थ तिथल्या जमावाचा गुन्हा हलका होतो असा नाही. पण तुझे वडील ज्यांच्यासाठी हळहळतात, त्यांच्याबद्दल खरंच कळकळ असेल तर हे त्यांना ऐकावं लागेल. ते ऐकतील. मी त्यांना ओळखते.

व्हिसाचं तू फार मनाला लावून घेतलंयस. मलाही मिळाला नाही कधी. त्यामुळे जे करता येतं ते नीट करायची सवय लागली. कराचीत जन्मलेली, आता नव्वदीच्या आसपासची माणसं महाराष्ट्रात अजून आहेत, आधी त्यांच्याकडे जा, या महिन्यात जा, परीक्षेनंतर म्हणू नकोस. त्यांना देवळाचं वर्णन विचारू नकोस. दार कोण उघडायचं, पुजारी कुठे राहायचा, कोणाला आत घेत नव्हते, घर सोडताना देवघरातलं काय बरोबर आणलं, हे विचार. न्यायालयाचे निकाल जाहीर आहेत, ते मुळातून वाच. कराचीच्या मुस्लिम वास्तुतज्ज्ञांनी आणि पत्रकारांनी या इमारतींवर बरंच काम केलंय. ते काम त्यांच्या नावानिशी वापर.

आणि एक गोष्ट मी आज्ञा म्हणून सांगते, सल्ला म्हणून नव्हे. तिथल्या कुठल्याही पुजाऱ्याला, सेवेकऱ्याला, पाद्रीला भारतातून फोन करून "तुम्हाला भीती वाटते का" असं विचारायचं नाही. तुझ्या प्रबंधाला एक चटका लावणारं वाक्य मिळेल, आणि त्याला उद्या कोण कोण प्रश्न विचारायला येतील याची तुला कल्पना नाही. तो स्वतःहून बोलला तर ऐक. त्याचं नाव, वस्ती, देवळाची ओळख पटेल असं काही छापू नकोस. किल्ली कुणाकडे आहे हे तुला कळलं पाहिजे, पण ते जगाला कळवायचंच असं नाही. तक्त्यात तो रकाना तुझ्यासाठी असेल, छापील प्रतीत "स्थानिक कुटुंब", "कामगार वस्ती", "ट्रस्ट" एवढंच जाईल. हे जमणार नसेल तर तू मंदिरस्थापत्यावर लिही, कराचीवर लिहू नकोस.

हो, आणि मुखपृष्ठावरचं वरुणदेवाचं मंदिर काढ. तिथे काय टाकायचं ते नंतर ठरवू.

तक्त्याची नवी प्रत कर. "शैली" शेवटी टाक. "सद्यस्थिती" काढून त्याजागी तीन रकाने घे: दार कोण उघडतं, दुरुस्तीचा खर्च कोण करतं, आणि जागा कागदोपत्री कुणाची. जिथे उत्तर नसेल तिथे रिकामं सोड, अंदाजाने भरू नकोस. बरेच रिकामे राहतील, घाबरू नकोस, माझेही बरेच रिकामे आहेत आणि माझ्या वह्या मी तुला देणार आहे. नारायणपुऱ्याचं प्रकरण आधी लिही. निदान आठ पानं होतील इतका मजकूर माझ्या वह्यांतच आहे. ते मला पाठव, मग सेंट पॅट्रिक्सकडे वळ.